गाण्याला लाजणारा सिनेमा: आजच्या संगीतपटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या धरमपेठेत माझ्या गाण्याच्या क्लासच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी आम्ही वीस-पंचवीस जण जमतो आणि एक संगीतपट बघतो. भिंतीवर पांढरी चादर, प्रोजेक्टर एका विद्यार्थ्याचा, स्पीकर क्लासचे. सिनेमा संपला की चहा होतो आणि चहाबरोबर प्रश्न सुरू होतात. नवीन आलेला माणूस बहुधा तेच विचारतो जे मागच्या खेपेला दुसऱ्या कोणी विचारलेलं असतं. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. मतं माझी आहेत, आणि गाणं शिकवणाऱ्या बाईची आहेत. कान आधी, डोळे नंतर.

आपले सगळेच सिनेमे गाण्यांचे. मग संगीतपट म्हणजे वेगळं काय?

गाणं काढून टाका आणि पुढचा प्रसंग कळतो का ते बघा. कळत असेल तर तो गाणी असलेला सिनेमा. अडत असेल तर संगीतपट. आपल्याकडच्या बऱ्याच सिनेमांत गाणं आलं की कथा बाजूला उभी राहते. नायक-नायिका बर्फात जाऊन येतात आणि कथा पुन्हा तिथूनच चालू लागते. संगीतपटात गाणं सुरू होताना माणूस एका मनःस्थितीत असतो आणि संपताना दुसऱ्या. मधल्या चार मिनिटांत त्याने काहीतरी ठरवलेलं असतं, कबूल केलेलं असतं किंवा गमावलेलं असतं.

मराठी माणसाला हे कुणी शिकवायला नको. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हापासून पदातून संवाद पुढे नेणं आपल्या अंगवळणी पडलं आहे. 'सौभद्रा'तला कृष्ण रुसलेल्या रुक्मिणीची समजूत पदातूनच काढतो. ते पद काढलं तर रुसवा तसाच राहील. पुढे पुढे हीच संगीत नाटकं वन्समोअर आणि लांबत जाणाऱ्या तानांच्या नादात कथा विसरू लागली, हेही खरं. जो दोष आज आपण हिंदी सिनेमाला लावतो तो आपल्या घरातही होता.

बोलता बोलता हे लोक मधातच काहून गायला लागतात जी?

भंडाऱ्याहून येणाऱ्या एका काकांनी अगदी याच शब्दांत विचारलं होतं आणि हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मी त्यांना उलट विचारलं, "दिवाळीनंतर वडश्याकडे रात्रभर नाटक बघता तेव्हा नाही खटकत?" ते म्हणाले, "ते नाटक आहे नं."

उत्तर त्यांनीच दिलं. पूर्व विदर्भातल्या त्या भागात, झाडीपट्टीत, शेतात उभारलेला मंच असतो, रंगवलेला पडदा असतो, बाजूला ऑर्गन आणि तबला डोळ्यांना दिसत असतात. हे सगळं खोटं आहे हे दोन्ही बाजूंनी मान्य केलेलं असतं, म्हणून खलनायकही गातो आणि कुणी हसत नाही. कॅमेरा मात्र खरा रस्ता दाखवतो, खरी गाडी, खरा घाम. त्या खऱ्याच्या मधोमध माणूस गाऊ लागला की मन अडखळतं. म्हणजे संगीतपटाला पहिल्या पाच मिनिटांतच प्रेक्षकाकडून होकार मिळवावा लागतो.

'ला ला लँड'ने (२०१६) तो सरळ मागितला. लॉस एंजेलिसच्या उड्डाणपुलावर तुंबलेली वाहनं, उकाडा, आणि लोक दारं उघडून टपांवर चढून नाचू लागतात. तुम्हाला हे चालत असेल तर बसा, नाहीतर आत्ताच उठा, असं सिनेमा तोंडावर सांगतो. 'शिकागो'ने (२००२) दुसरी वाट धरली. तिथली बरीचशी गाणी नायिकेच्या मनात, काल्पनिक मंचावर घडतात, त्यामुळे मंचाबाहेरच्या खऱ्या जगात कुणी गातच नाही. वाट चतुर होती आणि सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्करही मिळालं. पण त्यानंतर अनेकांनी तिचा आडोसा केला. गाणं आलं की काहीतरी सबब द्यायची: स्वप्न होतं, कल्पना होती, पात्र स्टेजवरच होतं. मला सबब न देणारे संगीतपट आवडतात.

आजच्या संगीतपटांचं सगळ्यात मोठं बळ कोणतं?

श्वास ऐकू येणं.

नाटकात पंचविसाव्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा असतो, म्हणून गाणारा आवाज मोठा करतो, हात मोठे करतो, भाव मोठे करतो. कॅमेरा आणि माइक जवळ आले की त्याची गरज उरत नाही. माणूस पुटपुटून गाऊ शकतो.

'ले मिझराब्ल'चं (२०१२) उदाहरण आम्ही दर वर्षी पुन्हा बघतो. दिग्दर्शक टॉम हूपर यांनी कलाकारांना आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला लावले नाहीत. सेटवर थेट गायला लावलं. कानात लहानसं इअरपीस, त्यात कॅमेऱ्यामागच्या पियानोवादकाची साथ. ऑर्केस्ट्रा नंतर चढवला. यातलं मर्म संगतकाराला लगेच कळेल: नेहमीच्या पद्धतीत नट आधीच ठरलेल्या लयीच्या मागे धावतो, इथे पियानो नटाच्या मागे चालतो. नटाला थांबावंसं वाटलं तर पियानो थांबतो.

अ‍ॅन हॅथवेचं, म्हणजे तिने केलेल्या फॅन्टीन या पात्राचं गाणं बघा. नोकरी गेली, केस विकले, शरीर विकावं लागलं, आणि आता ती एका जागी बसून आपल्या जुन्या स्वप्नाविषयी गाते. एकच शॉट, चेहऱ्याजवळ, मध्ये कट नाही. सुरुवातीला आवाज इतका खाली आहे की शब्द आणि उसासा यांत फरक करता येत नाही. मध्येच तिचा गळा दाटतो आणि स्वर किंचित ढळतो. क्लासमध्ये कुणी असा स्वर लावला तर मी थांबवीन. इथे तो ढळला नसता तर गाणं खोटं झालं असतं. आमच्याकडे हे गाणं संपल्यावर पुढचा प्रसंग सुरू झाला तरी कोणी हललं नव्हतं. एक विद्यार्थिनी चहाचा कप हातात धरून बसली होती आणि चहावर साय आली होती.

मग सगळ्यांनी थेटच गावं का?

नाही. ज्याला येतं त्याने. त्याच सिनेमातल्या काही पुरुष कलाकारांच्या गाण्यात नुसती ओढाताण ऐकू येते. सूर सांभाळण्यातच सगळी शक्ती खर्च झाल्यावर अभिनयाला काय उरणार? आणि क्लोजअपचं बळ जपून वापरावं लागतं. प्रत्येक गाणं नाकाजवळून दाखवलं की तिसऱ्या गाण्यापर्यंत डोळे थकतात, चौथ्याला कानही. हूपर यांनीच पुढे 'कॅट्स' (२०१९) केला. तिथे संगणकाने काढलेली लव अंगावर घेतलेले कलाकार मांजरं झाले आणि जवळून बघणंच नकोसं झालं. मंचावर माणूस मांजराचा वेष घेतो तेव्हा उरलेलं मांजर आपण मनात पूर्ण करतो. पडद्यावर त्यांनी सगळंच पूर्ण करून दिलं, आपल्याला कामच ठेवलं नाही.

नाच नीट दिसत का नाही?

कारण तो कात्रीने केलेला असतो. जुन्या हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअर याचा आग्रह असायचा की नाचणारा डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसला पाहिजे आणि मध्ये कमीत कमी कट हवेत. त्यामुळे चूक लपवता येत नसे आणि जे दिसे ते खरोखर नाचलेलं असे. आता पाय एका शॉटमध्ये, खांदा दुसऱ्यात, हसरा चेहरा तिसऱ्यात. ठेका दिसतो, पण अंगातून अंगात जाणारी लय दिसत नाही. कथक शिकलेल्या मुली आमच्या गटात आहेत. त्या म्हणतात की तत्कार, म्हणजे पायांचा ठेका, ऐकू येतो पण पाय सापडत नाहीत.

याला सुंदर अपवाद आहेत. 'ला ला लँड'मध्ये दिवेलागणीच्या वेळी टेकडीवर दोघं नाचतात तो सगळा प्रसंग एका शॉटमध्ये आहे. दोघंही पट्टीचे नर्तक नाहीत, तरी गोड वाटतं कारण ते खरंच तिथे, त्या मावळत्या उजेडात नाचत आहेत. स्पिलबर्ग यांचा 'वेस्ट साइड स्टोरी' (२०२१) तर मी प्रत्येकाला बघायला सांगते. १९६१ च्या जुन्या सिनेमात अमेरिकेविषयीचं भांडणवजा गाणं गच्चीवर रात्री होतं. नव्यात ते भर दिवसा रस्त्यावर उतरतं, आणि कॅमेरा मागे सरून माणसांना जागा देतो. झगे गरगरतात तेव्हा पूर्ण गरगर दिसते. हा सिनेमा तिकीटबारीवर चालला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

गाता न येणारे तारे का घेतात? सरळ प्लेबॅक का देत नाहीत?

तारे घेतात ते तिकिटांसाठी. दुसरा भाग जास्त बोलण्यासारखा आहे.

प्लेबॅक तिकडेही होता, पण लपवून. १९६१ च्या 'वेस्ट साइड स्टोरी'त नताली वुडसाठी आणि १९६४ च्या 'माय फेअर लेडी'त बहुतेक ठिकाणी ऑड्री हेपबर्नसाठी मार्नी निक्सन गायल्या आणि पडद्यावर त्यांचं नाव नव्हतं. आपल्याकडे १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन आणलं आणि पुढच्या काळात गाणारा स्वतंत्र मोठा कलावंत ठरला. लोक नटासाठी जसे जायचे तसेच आवाजासाठी जायचे. हा आपला मोठेपणा आहे.

पण एक गोष्ट आपण हरवली. पार्श्वगायन रुळण्याआधी नट स्वतः गायचे. १९३६ चा 'संत तुकाराम' बघा. विष्णुपंत पागनीस स्वतः गातात, आणि बोलणं कधी संपलं, अभंग कधी लागला ते कळत नाही कारण दोन्ही एकाच घशातून येतं. त्यातलं 'आधी बीज एकले' शांताराम आठवले यांनी सिनेमासाठी नवीन लिहिलं होतं. पुष्कळांनी ते तुकोबांचंच मानलं. बोलण्याचा आणि गाण्याचा आवाज एक असला की केवढा विश्वास बसतो, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

आज नट स्वतः गातात, पण मग यंत्राने प्रत्येक स्वर ओढून जागेवर बसवला जातो. आवाज प्लास्टिकच्या फुलासारखा येतो. थोडा बेसूर पण जिवंत आवाज आणि यंत्राने सरळ केलेला आवाज यांत निवडायचं झालं तर मी पहिला निवडीन. तिसरा मार्गही आहे: गाता येणारी नवी माणसं शोधा. २०२१ च्या 'वेस्ट साइड स्टोरी'ने तेच केलं.

ट्रेलरमध्ये गाणी का नसतात?

हा प्रश्न 'वोन्का' (२०२३) आणि 'मीन गर्ल्स' (२०२४) बघून आलेल्यांनी विचारला. ट्रेलर बघून साधा सिनेमा समजून गेले आणि आत गेल्यावर गाणी सुरू झाली. गाणी आहेत म्हटलं तर लोक येणार नाहीत, ही भीती त्यामागे आहे. आजच्या संगीतपटाचं मूळ दुखणं मला इथेच दिसतं: तो गाण्याला लाजतो. लाजतो म्हणून सबब देतो, लाजतो म्हणून नाच कापतो, सूर झाकतो, आणि दुकानाबाहेर पाटीसुद्धा लावत नाही. जो सिनेमा स्वतःच्या गाण्याची शरम बाळगतो त्यावर प्रेक्षकाने विश्वास का टाकावा? संगीत नाटकाच्या सुरुवातीला नांदी होत असे. सगळी कंपनी समोर उभी राहून आधी गाऊन घेई आणि मग नाटक सुरू होई.

नाटकावरून केलेले संगीतपट कंटाळवाणे का होतात?

एक कारण टाळ्या. नाटकात गाणं टाळीसाठी बांधलेलं असतं. शेवटचा स्वर, टाळी, आणि त्या अवधीत नट श्वास घेतो, प्रेक्षक डोळे पुसतो. सिनेमात तिथे भोक पडतं. हुशार दिग्दर्शक ते भोक शांततेने किंवा एखाद्या नजरेने भरतात, बाकीचे घाईने पुढच्या प्रसंगावर उडी मारतात.

दुसरं कारण लांबी. 'विकेड'चा फक्त पहिला भाग (२०२४) दोन तास चाळीस मिनिटांचा आहे. म्हणजे मध्यंतरापर्यंतच्या नाटकाला जवळजवळ पूर्ण नाटकाएवढा वेळ. दोन्ही नायिका जीव ओतून गायल्या आहेत आणि त्यांच्यासाठी बघावाच. पण गाण्याच्या मधोमध संवाद घालून ते लांबवलं की ताणलेली तार सैल पडते. ख्याल गाताना समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, तोंडाशी येऊन कुणी पाणी प्यायला थांबत नाही.

मग थेट नाटकाचंच चित्रीकरण का दाखवत नाहीत?

दाखवतात. 'हॅमिल्टन'चे प्रयोग २०१६ मध्ये रंगमंचावरच टिपले आणि २०२० मध्ये ते घरोघरी पोचले. उत्तम आहे. पण ती नाटकाची आठवण आहे, वेगळी कला नाही.

मराठीत असं काही आहे का?

आहे, आणि त्याचा धागा आपल्या नागपुरातून जातो. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. त्यातले खाँसाहेब अजरामर करणारे डॉ. वसंतराव देशपांडे इथेच वाढले, इथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचं. पंडितजी आणि खाँसाहेब या दोन घराण्यांच्या गायकांच्या त्या नाटकात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन चालींत येतं. शब्द तेच, पण एका घराण्याचा गळा फुलावर अलगद बसतो आणि दुसऱ्याचा झेप घेतो. दोन माणसांची प्रकृती वेगळी आहे हे सांगायला एकही संवाद लागत नाही. संगीतपट म्हणजे काय असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे ऐकवते, मग बाकीचं.

२०१५ च्या त्याच नावाच्या सिनेमाने हे मोठ्या पडद्यावर आणलं. शंकर-एहसान-लॉय यांनी जुन्याशेजारी नवी गाणी बांधली आणि 'अरुणी किरणी'साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नागपुरात तरुण मुलं हा सिनेमा दोन-दोनदा बघून आली आणि त्यानंतर माझ्या क्लासमध्ये नाट्यपदं शिकायची मागणी वाढली, हे मी स्वतः अनुभवलं. जिव्हाळ्याने बोलायचं तर एवढंच खटकतं: पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतः गातात आणि खाँसाहेबांच्या सचिन पिळगावकरांना आवाज राहुल देशपांडे यांचा. दोघं समोरासमोर बसले की नीट बघा. एकाच्या गळ्याची शीर तानेबरोबर उठते, खांदा श्वासाबरोबर हलतो. दुसऱ्याचा अभिनय कितीही मेहनतीचा असला तरी तान शरीरातून येताना दिसत नाही. मंचावर वसंतराव दोन्ही एकटे करत होते.

राहुल देशपांडे 'मी वसंतराव'मध्ये (२०२२) आजोबांची भूमिका करतात आणि स्वतःच गातात. फरक त्यात लगेच कळतो. 'संगीत मानापमान' २०२५ मध्ये आला. १९११ च्या नाटकाला पुन्हा हात घालायची हिंमत मला आवडली, थाटमाट थोडा कमी चालला असता.

आणि हिंदीत?

'जग्गा जासूस' (२०१७). नायक तोतरा आहे, बोलताना अडकतो, गाताना अडकत नाही. म्हणून गातो. माणूस का गातो याचं इतकं साधं आणि खरं कारण मी दुसऱ्या कुठल्या संगीतपटात पाहिलेलं नाही. उत्तरार्ध पसरट आहे, तरी बघा.

मुलांना काय दाखवावं?

अ‍ॅनिमेशन. सध्या संगीतपटाचं व्याकरण सगळ्यात नेटकं तिथेच पाळलं जातं. १९८९ च्या 'द लिटिल मर्मेड'पासून हॉवर्ड अ‍ॅशमन आणि अ‍ॅलन मेंकन यांनी ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत रंगभूमीची, शिस्त त्यात आणली: सुरुवातीलाच नायिका आपल्याला काय हवं आहे ते गाऊन सांगते. चितारलेली पात्रं गायली की मुलं 'का' म्हणून विचारत नाहीत. 'फ्रोझन'ची (२०१३) गोष्ट मुलांना जरूर सांगा. त्यातली एल्सा आधी खलनायिका होती. गीतकार जोडप्याने तिचं एकटेपणाचं गाणं लिहिलं, ते ऐकल्यावर ती खलनायिका राहूच शकत नाही असं करणाऱ्यांना वाटलं आणि कथा बदलली. गाण्याने कथेला वळवलं.

इंग्रजी गाण्याचे शब्द कळत नाहीत. काय करावं?

पहिल्यांदा सबटायटल लावून बघा, दुसऱ्यांदा काढून टाका. दुसऱ्या वेळी जास्त कळतं.

घरी बघताना मजा का येत नाही?

नागपूरच्या मे महिन्यात याचं उत्तर सोपं आहे: कूलर. पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना कूलर बंद करा म्हणणं क्रूर आहे, पण फॅन्टीनचा तो पुटपुटता स्वर कूलरच्या घरघरीत पार बुडतो. मग माणूस आवाज वाढवतो आणि पुढचा कोरस अंगावर येतो. टीव्हीचे स्पीकर मागच्या बाजूला असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो. दोन साधे बाहेरचे स्पीकर जोडा, कानाच्या उंचीवर ठेवा. आम्ही एप्रिलपासून सिनेमा रात्री साडेआठला लावतो. खोली दुपारभर कूलरने गार करून ठेवायची, खिडक्यांना ओल्या चादरी, आणि नांदी सुरू झाली की कूलर बंद. पाण्याचा माठ दाराजवळ असतो, फक्त गाणं चालू असताना पेला खळखळवू नका.